बेसला लागणारी जागा

लंडनहून आलेली नमुन्याची तबकडी आम्ही चौघांनी उभ्यानंच ऐकली. स्टुडिओचे मालक पिनॉकसाहेब यांच्या ऑफिसात खुर्च्या होत्या, पण बसायचं कोणाला सुचलं नाही. चौथं गाणं संपलं तेव्हा क्लोव्हिसनं स्वतःच सुई उचलली आणि विचारलं, "मी कुठंय?"

क्लोव्हिस टलक माझा मावसभाऊ. बेस गिटार वाजवतो. उंच, हडकुळा, आणि बोलायला लागला की समोरच्याला पळता भुई थोडी करणारा. त्या दिवशी मात्र त्यानं तेवढंच विचारलं.

"आहात ना," लंडनच्या कंपनीचा माणूस व्हिटकम म्हणाला. "नीट ऐका. गिटारच्या मागं आहात."

"मागं म्हणजे किती मागं? बेटाच्या दुसऱ्या टोकाला, माँटेगो बेला?"

पिनॉकसाहेब हसले. आमच्यापैकी दुसरं कोणीच हसत नाही म्हटल्यावर त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि मान पुसत बसले.

ही दहा गाणी आमच्याच स्टुडिओत, स्लाइप रोडवर, डिसेंबरात ध्वनिमुद्रित झाली होती. टेप लंडनला गेली. तिकडं रॉक ऐकणाऱ्या मुलांना ती आपली वाटावीत म्हणून एका इंग्रज पोरानं त्यांवर गिटार वाजवली, कोणीतरी ऑर्गन भरला. त्याला आमची हरकत नव्हती. पिनॉकसाहेबांनी करारावर सही केली होती आणि क्लोव्हिसला ती गिटार आवडलीही होती. पण बेस कमी करा असं कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. आमच्याकडं गाणं म्हणजे ड्रम आणि बेस. बाकीचे सगळे पाहुणे. यजमानालाच घराबाहेर काढलं होतं.

व्हिटकम सभ्य माणूस होता. त्यानं नीट समजावून सांगितलं. "पहिल्या नमुन्यात बेस पूर्ण ठेवला होता. सुई उडायला लागली. आमची मुलं ज्या स्वस्त प्लेअरवर ऐकतात, त्यावर एक गाणं धड वाजेना. दुकानदार सगळा माल परत पाठवतील. तुमच्या तबकडीच्या एका बाजूला एक गाणं, तीन मिनिटं. माझ्या तबकडीच्या एका बाजूला पाच गाणी, बावीस मिनिटं. रॉकवाले सुटं गाणं घेत नाहीत, पूर्ण तबकडी घेतात. मग बेसला जागा कुठून आणायची?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. खालचा स्वर तबकडीवर रुंद लाट कापतो, आणि रुंद लाटेला जास्त जागा लागते. स्टुडिओत तबकड्या कापायला यायच्या आधी सहा वर्षं मी हाफ वे ट्री या भागातल्या मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं. हेच मी मुलींना दोरी हलवून दाखवत असे.

"मे महिन्यात पाच आठवडे इंग्लंडचा दौरा आहे," क्लोव्हिस म्हणाला. "तिकडची पोरं ही तबकडी ऐकून येणार. मला बघून म्हणणार, हा लांबडा मागं उभा राहून काय करतोय? बसची वाट बघतोय का? मी नाही येणार."

"क्लोव्हिस, डोकं गरम करू नकोस," पिनॉकसाहेब म्हणाले.

"गरम नाहीये. शांतपणे सांगतोय. ही तबकडी अशीच निघाली तर मी नाही येणार."

"वाईट वाटेल," व्हिटकम हळू आवाजात म्हणाला. "पण बेस वाजवणारा लंडनमध्येही मिळेल."

क्लोव्हिसनं पंधराव्या वर्षी चहाच्या खोक्याला दोरी बांधून बेस वाजवायला सुरुवात केली होती. या दहा गाण्यांतल्या सात गाण्यांच्या चाली त्याच्या बेसवरून निघाल्या होत्या. आणि त्याची जागा आता एका वाक्यात दुसऱ्याला दिली गेली.

मी विचारलं, "गिटार भरल्यावरची मूळ टेप आणलीय?"

"आणलीय. इथल्या छपाईसाठी पिनॉकना द्यायची होती."

"टेपवर बेस पूर्ण आहे?"

"पूर्ण आहे. कमी केला तो तबकडी कापताना."

"मग मी कापते."

व्हिटकम माझ्याकडं बघून हसला. वाईट हसला असं नाही. लहान मुलानं ओझं उचलायला हात पुढं केला की आपण हसतो, तसा. "मिस फेअरक्लफ, गुरुवारी दुपारी माझं विमान आहे."

"आज सोमवार आहे."

"बावीस मिनिटं. बेस पूर्ण. आणि या प्लेअरवर सुई एकदाही उडता कामा नये." त्यानं सोबत आणलेल्या राखाडी पेटीवर हात ठेवला. झाकणातच स्पीकर असलेली ती हलकी पेटी होती. सुईचा हात प्लॅस्टिकचा. "एक बाजू अशी वाजली तर मी ती लंडनला नेईन. नाही वाजली तर हीच तबकडी छापली जाईल. हे चालेल?"

"चालेल."

"उडणारा पहिला नमुनाही सोबत आहे का?" मीच पुढं विचारलं.

होता. तोही मी मागून घेतला.

तबकडी कापायची माझी खोली म्हणजे स्टुडिओच्या मागची जुनी कोठी. मध्ये लेथ, म्हणजे कापायचं यंत्र. त्याची सुई कोऱ्या काळ्या तबकडीवर चर पाडत जाते आणि निघालेला केसासारखा धागा एका नळीतून ओढून घ्यावा लागतो. कंपनीचं ओढणयंत्र आम्हाला परवडलं नाही. शेजारच्या खोलीत घर झाडायचा व्हॅक्यूम ठेवलाय, तोच ते काम करतो. लेथवर एक सूक्ष्मदर्शक आहे. मी लंडनचा उडणारा नमुना त्याखाली ठेवला आणि सुई जिथं उडत होती ती जागा शोधली.

क्लोव्हिस माझ्या मानेवर श्वास सोडत उभा होता. "दिसलो का मी?"

"गप्प बस."

चर डावी-उजवीकडं नागमोडी जायला हवा होता. तो तसा जात होता, पण त्याबरोबर बारीक आणि जाड, बारीक आणि जाडही होत होता. बारीक म्हणजे उथळ. काही ठिकाणी इतका उथळ की सुईला धरायला काठच उरला नव्हता. मी टेपही यंत्रावर लावली आणि आधी डावा स्पीकर, मग उजवा, असे एकेकटे ऐकले. उजवीकडं गिटार आणि ऑर्गन होते. बेस जवळजवळ सगळा डावीकडं होता.

"त्यांनी तुला डाव्या कोपऱ्यात उभं केलंय," मी म्हटलं.

"लंडनला जागेची टंचाई असते म्हणे."

"ऐक तर. बेस मधोमध असला की सुई नुसती आडवी झुलते. एका बाजूला असला की ती झुलते आणि वरखालीही होते. वर आली की चरातून बाहेर. सुई बेसमुळं उडत नव्हती, तो कोपऱ्यात होता म्हणून उडत होती."

"म्हणजे माझी चूक नव्हती."

"तुझी चूक आहे असं म्हणालं कोण?"

"कोणीच नाही. पण शिक्षा मलाच झाली ना."

सोमवारची दुपार आणि संध्याकाळ मी एक छोटी पेटी बांधण्यात घालवली. जुन्या ॲम्प्लिफायरमधून काढलेली तारेची दोन वेटोळी, चार कपॅसिटर. वरचे स्वर जिथं असतील तिथंच राहतील, पण खालचे स्वर दोन्ही बाजूंना सारखे वाटले जातील, म्हणजेच मधोमध येतील. गिटारला धक्का नाही, ऑर्गनला धक्का नाही. पेटी चालते याची मोजून खात्री केली आणि घरी गेले.

मंगळवारी सकाळी सहाला मी लेथ सुरू केलं. स्लाइप रोडवरची दुकानं उघडली की विजेचा दाब वरखाली होतो, म्हणून मोठं काम मी त्याआधीच करते. टेप सुरू झाली, सुई टेकली, चर पडायला लागला. मी नेहमीप्रमाणे आवाज ठेवला आणि खालच्या स्वरांना लागेल तेवढी जागा दिली. चर सुरेख दिसत होता. उथळ कुठंच नव्हता. मात्र एकोणीस मिनिटं झाली तेव्हा सुई मधल्या कागदाच्या काठाशी येऊन पोचली होती आणि पाचवं गाणं निम्मं बाकी होतं.

दुसऱ्या खेपेला मी चर एकमेकांच्या जवळ आणले. सगळी बावीस मिनिटं मावली. राखाडी पेटीवर लावली, तर चौथ्या गाण्याच्या धृपदाला सुई शेजारच्या चरात घसरली आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजायला लागली. दोन चरांमधली भिंत फुटली होती.

पिनॉकसाहेब दारात आले होते. "तिसरं गाणं गाळून टाका, मिस आयोनी. तसंही ते रडकंच आहे."

"ते गाणं गाणाऱ्यांना विचारलंत का?"

"गाणाऱ्यांना कशाला विचारायचं?"

"नका विचारू. पण व्हिटकमना बावीस मिनिटंच हवीत. कमी नकोत."

ते गेल्यावर क्लोव्हिस कोठीत आला आणि व्हॅक्यूमच्या खोलीतलं स्टूल आणून बसला. बराच वेळ त्यानं फुटलेल्या भिंतीची तबकडी उजेडात धरून बघितली. मग म्हणाला, "आयोनी, थोडा कमी कर मला."

"काय?"

"थोडा. लंडनवाल्यांनी केला तेवढा नको. निम्मा. तू केलास तर मला चालेल."

"मला नाही चालणार."

"मी जायला तयार आहे गं. घरी तीन पोरं आहेत. दौरा सोडून मी इथं बसलो तर डेलरोजसारखी बायको मला भाजून खाईल."

"डेलरोजला माझ्याकडं पाठव. आता ऊठ. आकडे मांडायचेत, आणि तू पाय हलवतोस, टेबल हलतं."

रागावले होते मी, पण त्याच्यावर नाही. त्यानं मला सोपी वाट देऊ केली होती आणि ती वाट मला क्षणभर बरी वाटली होती, त्याचा राग.

कोपऱ्यावरून एक बुल्ला, म्हणजे गुळाचा चपटा केक, आणि अर्धा पेअर, म्हणजे ॲव्होकॅडो, आणवला आणि खाता खाता वहीत मांडणी केली. तबकडीची त्रिज्या, मिनिटाचे फेरे, चराची रुंदी, लाटेची रुंदी, दोन चरांमध्ये ठेवायची भिंत. जागा किती लागते हे बेसच्या प्रमाणावर अवलंबून नव्हतं, लाटेच्या रुंदीवर होतं. सगळाच आवाज तीन डेसिबल खाली आणला तर प्रत्येक लाट सत्तर टक्के होते. बेस, गिटार, गळा, सगळे एकाच मापानं लहान होतात. बेस गिटारपेक्षा जितका मोठा होता तितकाच मोठा राहतो. बावीस मिनिटं मावतात आणि वर भिंतही शाबूत राहते.

हे गणित शाळेतल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीनंही केलं असतं. ते मला दोन तबकड्या वाया घालवून का सुचलं, हे मी हातातला बुल्ला खाली ठेवून स्वतःला विचारलं.

कारण माहीत होतं. चार वर्षं दर शुक्रवारी रस्त्यावर स्पीकर लावून नाच भरवणारे साउंड सिस्टीमवाले तबकडी कापून घ्यायला या कोठीच्या दाराशी रांग लावत आलेत. शनिवारी दोन साउंड समोरासमोर उभे राहतात, कपाटाएवढे स्पीकर एकमेकांकडं तोंड करून, आणि ज्याची तबकडी मोठी वाजते त्याच्याकडं गर्दी जाते. मी जेवढा कापता येईल तेवढा मोठा आवाज कापते. "मिस आयोनीची तबकडी दार उघडायच्या आधीच आत येते," असं लोक म्हणतात, आणि ते ऐकायला मला आवडतं. आवाज कमी करून कापणं हा आमच्या धंद्यात पर्यायच नाही. तो पर्याय आहे हे माझ्या हाताला ठाऊकच नव्हतं. पण इंग्लंडातला मुलगा खोलीत एकटा बसून ऐकणार. त्याच्यासमोर दुसरा साउंड उभा नाही. त्याच्या पेटीला आवाजाचं बटण आहे.

मी पिनॉकसाहेबांना सांगितलं तेव्हा ते आधी हसले, मग लाल झाले.

"मऊ आवाजाची तबकडी? माझ्या स्टुडिओतून? ऑरेंज स्ट्रीटवरच्या तबकडीवाल्या दुकानदारांना मी तोंड कसं दाखवू? लोक म्हणतील पिनॉकला दम लागला."

"ती ऑरेंज स्ट्रीटवर विकायची नाहीये."

"तुमचं नाव आहे, मिस आयोनी. मोठ्या आवाजाचं नाव आहे."

"नाव माझं आहे. मी बघते."

"आजारी माणसाला देतात तसली पातळ पेज होईल!"

"साहेब, पेज पातळ होते पाणी घातल्यावर. मी पाणी घालत नाहीये. भांडं लहान घेतेय. दाणा तेवढाच."

त्यांनी क्लोव्हिसकडं बघितलं. "तू सांग हिला. तुझाच बेस आहे."

क्लोव्हिसलाही पटलं नव्हतं, हे मला दिसत होतं. आयुष्यभर त्यानं बेस मोजला होता तो छातीवर किती आदळतो त्यावर. तो म्हणाला, "ती आकडे मांडत असताना मी कधी मध्ये बोललो नाही. आता बोलत नाही."

बुधवारी पहाटे सहाला मी तिसरी तबकडी लावली. आवाजाचा काटा रोज जिथं जातो त्याच्या खाली ठेवताना हात अडखळला. मी तो तिथंच ठेवला. बावीस मिनिटं मी काट्यावरून आणि चरावरून नजर हलवली नाही. सुई मधल्या कागदापासून बोटभर दूर थांबली. सूक्ष्मदर्शकाखाली चौथ्या गाण्याचं धृपद शोधलं. लाटा शेजारी शेजारी होत्या आणि त्यांच्यामध्ये भिंत होती. बारीक, पण सलग.

दहा वाजता व्हिटकम आला. मी राखाडी पेटीत तबकडी ठेवली. पहिलं गाणं सुरू झालं आणि त्याचा चेहरा पडला. "माफ करा, पण ही अशक्त वाटते."

पिनॉकसाहेबांनी छताकडं बघितलं.

"तुमच्या मुलांच्या पेटीला बटण असतं ना?" मी म्हटलं आणि बटण फिरवलं, जिथं लंडनची तबकडी वाजवली होती त्याच्या थोडं पुढं.

बेस आला. त्या हलक्या पेटीतून जेवढा येऊ शकतो तेवढाच, पण जागच्या जागी, मधोमध. क्लोव्हिसनं दोन्ही हात खिशात घातले आणि खाली बघत राहिला. पहिलं गाणं गेलं, दुसरं गेलं. सुईनं चर सोडला नाही. तिसरं, पिनॉकसाहेबांच्या मते रडकं. चौथ्याचं धृपद आलं. ते सरळ निघून गेलं.

धृपदानंतर इंग्रज पोराची गिटार सुरू झाली. सोमवारी लंडनच्या तबकडीवर ऐकली तेव्हा ती मला भरकटलेली वाटली होती. चार सूर वाजवायची, मध्येच थांबायची, उगीचच. आता ती थांबायची तेव्हा त्या जागेत क्लोव्हिसचे तीन सूर येत होते. गिटार पुन्हा बोलायची, थांबायची, आणि पुन्हा खालून उत्तर यायचं.

"तो ऐकत होता मला!" क्लोव्हिस म्हणाला. "बघ की, वाट बघतोय पठ्ठ्या. माझं संपल्याशिवाय सुरूच करत नाहीये."

व्हिटकमनं बोट वर करून त्याला थांबवलं आणि पेटीकडं वाकला. गाणं संपेपर्यंत तो तसाच होता. मग म्हणाला, "तो वाजवत होता तेव्हा मी तिथं बसलो होतो. त्यानं कानाला हेडफोन लावून सांगितलं होतं, सगळं बंद करा, मला फक्त बेस द्या. मी विसरूनच गेलो होतो." तो सरळ उभा राहिला. "रॉकवाल्यांना गिटार ऐकू यावी म्हणून आम्ही बेस कमी केला. आणि गिटारच कळेनाशी झाली."

पाचवं गाणं संपलं. सुई आत वळली आणि थांबली. एकदाही उडाली नव्हती.

"मी ही नेतो," व्हिटकम म्हणाला. "पण एकच बाजू नेऊन भागणार नाही. उद्या विमानाआधी दुसरी होईल?"

"आत्ता सुरू केली तर दुकानं उघडलीत, वीज धड नाही. उद्या सकाळी सहाला कापते. साडेसातला घेऊन जा. आवाज असाच राहील, आधीच सांगते."

"आणि आमच्या इथल्या छपाईचं काय?" पिनॉकसाहेब म्हणाले. "इथं मी ही मऊ तबकडी विकणार नाही. मेलो तरी नाही."

"इथं सुटी गाणी काढू. एका बाजूला एक. ती मी अशी कापीन की तुमचे शेजारी पोलीस बोलावतील."

"हां. आता कसं माणसासारखं बोललात."

व्हिटकम क्लोव्हिसकडं वळला. सोमवारचं ते वाक्य परत घ्यायचं होतं त्याला, पण कसं घ्यावं हे सुचत नव्हतं. "मिस्टर टलक, मे महिन्यात..."

"ते पोरगं असेल का तिकडं? गिटारवालं?"

"बोलावलं तर येईल."

"बोलवा त्याला. माझ्या शेजारी उभा करा. मागं नको, पुढं नको, शेजारी." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "डेलरोजला सांगून येतो. नाहीतर संध्याकाळी तुझ्या दारात येईल लाटणं घेऊन."

गुरुवारी सकाळी सहाला तो पुन्हा हजर होता, आंघोळ करून, नवा शर्ट घालून, जणू तोच विमानानं जाणार होता. मी दुसऱ्या बाजूची टेप लावली, काटा तीन डेसिबल खाली आणला. या वेळी हात अडखळला नाही. सुई टेकवायच्या आधी मी मागं वळून बघितलं. तो स्टुलावर बसला होता आणि त्याचा उजवा पाय जमिनीच्या फळीवर ताल धरत होता.

"क्लोव्हिस, बाहेर."

"आता काय केलं मी?"

"पाय. फळी हलते, लेथ हलतं. तबकडीवर तुझा बेस हवाय, बूट नकोत."

तो कुरकुरत बाहेर गेला आणि दार ओढून घेतलं. मी सुई टेकवली.